उदाहरण क्रमांक सतरा

माझं औषधांचं दुकान आहे आणि आमच्या ह्यांचं एक फोल्डर आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ मी या फोल्डरच्या जोडीनं संसार केला आहे. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. हे फोल्डर गप्प बसून माणूस खातं.

नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे वजनकाट्यांच्या कारखान्यात दुरुस्ती विभागात आहेत. दुकानदारांचे, सोनारांचे बिघडलेले काटे उघडायचे, सरळ करायचे, बंद करायचे. ही झाली नोकरी. जीव मात्र दुसरीकडे. कॉम्प्युटरमध्ये जशी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तशी एक अगदी लहानशी सिस्टिम वॉशिंग मशीनमध्ये, विजेच्या मीटरमध्ये, दाराच्या कुलपातसुद्धा असते, नखाएवढ्या चिपवर चालणारी. त्यांतली एक ओपन सोर्स आहे. म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, वापरावी अशी. मोठमोठी डोकी तिचा गाभा लिहितात. आणि तिच्याबरोबर 'उदाहरणं' नावाचं एक फोल्डर येतं. त्यात चौसष्ट छोटे छोटे प्रोग्राम. दिवा कसा लुकलुकवायचा, बटण दाबलेलं कसं ओळखायचं, तापमान कसं वाचायचं. नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच येतो. ते फोल्डर सांभाळतात आमचे हे.

त्यात सांभाळायचं काय डोंबल, असं मीही विचारलं होतं. तर गाभ्यातल्या शहाण्यांनी काही बदललं की उदाहरणं मोडतात. शहाणे पुढे निघून जातात, मागे काय मोडलं ते बघायला कुणी थांबत नाही. हे थांबतात. आमच्या मागच्या खोलीत भिंतीवर एक प्लायवूड ठोकलंय, त्यावर तसल्या चिपांचे एकोणीस बोर्ड स्क्रूनं बसवलेत आणि खाली वायरींचा नुसता गुंता. मला तिथे झाडू मारायचीसुद्धा परवानगी नाही. रोज सकाळी सहाला चहाचा कप घेऊन हे तिथे हजर. एकेक उदाहरण बोर्डावर चढवायचं, चालतंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, वहीत खूण करायची. हल्ली ही तपासणी मशीन आपोआप करतं म्हणे. तसं कुणी सुचवलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं: "दिवा लागला एवढं मशीनला कळतं. नवीन माणसाला तो का लागला हे कळलं का, ते त्याला कुठून कळणार?" आभार कुणी मानत नाही. उदाहरण चाललं तर माणूस पुढे जातो आणि नाही चाललं तर शिव्या घालायला बरोबर परत येतो. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्ही स्वतःच एक नमुना आहात, म्हणून तुमच्या गळ्यात हे काम पडलंय." हसले आणि पुढच्या बोर्डाला वायर लावली.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापुढे सगळ्यांनीच हात टेकले होते. उदाहरण एका स्क्रीनवर मावलं पाहिजे. खाली सरकवावं लागता कामा नये. याला कारण होतं. हे काही इंजिनिअर नव्हेत. अडतिसाव्या वर्षी एकट्यानं शिकायला बसले तेव्हा पहिलंच उदाहरण उघडलं ते अकरा पानांचं निघालं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला तो वर्षभर उघडला नाही. "ते वर्ष माझं वाया गेलं," असं अजूनही म्हणतात. "माझ्या फोल्डरमधून कुणी घाबरून परत जाता कामा नये." म्हणून छाटायचे. ही ओळ नको, ती ओळ नको, मुद्दा तेवढा ठेवा.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा कोपऱ्यातल्या एका माणसानं उदाहरण क्रमांक सतरामध्ये दुरुस्ती पाठवली. सतरा म्हणजे तापमानाचं, ह्यांनीच लिहिलेलं: सेन्सरला विचारायचं, आकडा आला की दाखवायचा. तो माणूस म्हणाला, सेन्सरनं उत्तरच दिलं नाही तर तुमचा प्रोग्राम जुनाच आकडा दाखवत राहतो, ते बरं नाही. या सहा ओळी घ्या, म्हणजे आकड्याऐवजी दोन रेघा दिसतील. झालं, सहा ओळी आल्या की स्क्रीन संपते! ह्यांनी नकाराचं पत्र लिहिलं आणि मी भाजी चिरत होते तिथे येऊन वाचून दाखवलं. "उदाहरण शिकवण्यासाठी असतं. खरं यंत्र बनवणारा माणूस ही काळजी स्वतः घेईलच." मी म्हटलं, "छान लिहिलंय. कुणाला राग येणार नाही." म्हणजे मीही त्यातून सुटत नाही.

आता माझ्या दुकानातल्या फ्रीजकडे येते. इन्सुलिनला जपावं लागतं ते दोन्हीकडून. गरम झालेलं चालत नाही आणि गोठलेलं तर मुळीच चालत नाही. एकदा गोठून पुन्हा वितळलं की दिसायला ते सारखंच दिसेल, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून फ्रीजच्या दारावर मी एक पांढरा डबा लावला होता, दोन वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीकडून घेतलेला. त्याची वायर आत जाते, टोकाला सेन्सर. तापमान दोनाच्या खाली किंवा आठाच्या वर गेलं की डबा किंचाळतो. फार कामाची वस्तू, असं मी चार जणांना सांगितलंही होतं.

एका रविवारी मी फ्रीज पुसायला काढला. पुसता पुसता फडक्यानं आतली थंडाव्याची कळ शेवटपर्यंत फिरली, आणि कप्पा ओढताना सेन्सरची वायर डब्यातून अर्धी निसटली. दोन्ही माझ्याच हातून, एकाच दिवशी. मला पत्ता नाही. डबा म्हणाला साडेचार. सोमवारी साडेचार, मंगळवारी साडेचार. नोंदवहीत मी सकाळ-संध्याकाळ साडेचार, साडेचार असं लिहीत गेले, आणि वर स्वतःवर खूष. चालता फ्रीज तीन दिवस एकाच आकड्यावर बसून राहत नाही, हे अठरा वर्षं दुकान चालवणाऱ्या बाईला कळू नये? बुधवारी दुपारी मागच्या रांगेतलं खोकं काढायला गेले तर ते भिंतीला चिकटलेलं. त्याच्यावर बर्फ. दारावर साडेचार.

मी लगेच विक्रीच्या नोंदी काढल्या. त्या तीन दिवसांत त्या फ्रीजमधली इन्सुलिनची पेनं तिघांनी नेली होती. दोघांना फोन लागले, त्यांनी अजून उघडलीही नव्हती. तिसरे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, बेकरीच्या वरच्या खोलीत एकटे राहणारे. ते फोन उचलेनात. मी दुकान तसंच टाकून धावत गेले, तर बेकरीवाला म्हणाला, "ताई, त्यांना सकाळीच दवाखान्यात नेलं. साखर कुठल्या कुठे गेलीय." मी तिथल्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. रोज घेऊनही साखर का चढली तेच कळत नव्हतं." त्यांनी स्वतःकडचं इन्सुलिन सुरू केलं. त्याच दुपारी मी औषध निरीक्षकांना सगळं लेखी कळवलं. परवाना राहतो की जातो, काही ठाऊक नव्हतं. तरी लिहिलं.

संध्याकाळी डबा घरी आणला. ह्यांनी जेवायच्या टेबलावर ठेवून त्याला कॉम्प्युटर जोडला. असा डबा जागा झाला की कॉम्प्युटरवर एक ओळ लिहून आपण कोण ते सांगतो. यानं लिहिलं: उदाहरण क्रमांक सतरा, सुरू.

त्या कंपनीतल्या पठ्ठ्यांनी शीर्षकसुद्धा काढलं नव्हतं. उचललं आणि चिकटवलं.

हे बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग सेन्सरची वायर नीट खोचली. डब्यावर चोवीस आलं, खोलीचं तापमान. वायर काढली. चोवीस. खोचली, काढली, पुन्हा खोचली, पुन्हा काढली. चोवीस, चोवीस. काय झालंय ते माझ्याही लक्षात आलं तेव्हा मला ते बघवेना. "पुरे करा," मी म्हटलं.

त्यांनी त्या सिस्टिमच्या प्रमुखाला कळवलं. तो भला माणूस, उत्तर लगेच आलं. उदाहरणं खऱ्या वापरासाठी नाहीत असं प्रत्येक फायलीच्या वर लिहिलेलंच आहे. तुमचा काही दोष नाही. ती दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत घेऊ, बदलांच्या यादीत 'किरकोळ सुधारणा' म्हणून टाकू, गाजावाजा नको. बाकी जबाबदारी कंपनीची. आणि कंपनी? तिचा फोन कुणी उचलत नव्हतं, मेलला उत्तर नव्हतं. दोन दिवस हे तेच घोकत होते: "वर लिहिलेलं आहेच ना. स्पष्ट लिहिलंय."

शुक्रवारी सकाळी माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल हे कबूल. पण जो डबा आधीच कुणाच्या तरी फ्रीजवर टांगलाय, तो कसा दुरुस्त होणार?"

"नाही होणार."

"असे किती असतील?"

"माहीत नाही."

"मग त्या लोकांना कोण सांगणार? प्रमुख काखा वर करून बसलाय, कंपनी गायब. आज कुणीतरी माझ्यासारखीच बावळट बाई साडेचार, साडेचार लिहीत असेल!"

ते वहीची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "मी लिहायचं तर पूर्ण लिहावं लागेल. ही दुरुस्ती एकानं हातात आणून दिली होती आणि मी ती परत पाठवली, हेही लिहावं लागेल. त्यानंतर मला तिथे कोण ठेवणार? अगं, कारखान्यात मला 'ए काटेवाले' म्हणतात. नाव कुणाला माहीत नाही. तिथे आहे. जगात एवढ्या एकाच जागी मला माझ्या नावानं ओळखतात."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. नऊ वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी तोंडातून काढली नव्हती आणि मीही कधी विचारली नव्हती. मला फार वाईट वाटलं. पण 'जाऊ द्या मग, नका लिहू' असं म्हणायला जीभ रेटेना. मी दुकानात निघून गेले.

शनिवारी आम्ही दोघं मास्तरांना बघायला गेलो. साखर उतरायला लागली होती, हे त्यांच्या आवाजावरूनच कळलं, कारण ते नर्सवर खेकसत होते. आधी मी माझं सांगितलं: कळ मी फिरवली, वायर माझ्या हातून निसटली. मग ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. सतरा, एक स्क्रीन, सहा ओळी, पत्र. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली.

"हे मला का सांगतोयस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"माफी मागायची होती."

"दिली. माझी साखर उतरतेय. पुढे? हे डबे आणखी कुठे कुठे आहेत?"

"ठाऊक नाही."

"त्या लोकांना कळलंय?"

"नाही."

मास्तरांनी डोळे उघडले. "मग इथे खुर्ची उबवत काय बसलायस? ऊठ. आणि तू गं, मला घरून चष्मा आणून दे. या लोकांनी मला तसाच उचलून आणलाय."

घरी आल्यावर हे थेट मागच्या खोलीत. मी चष्मा पोचवून आले तरी तिथेच. चार-साडेचारच्या सुमारास मला हाक मारली, "अगं, जरा हे बघ."

सात-आठ वाक्यं होती. तापमान दाखवणाऱ्या डब्याची वायर काढून बघा. आकडा तसाच राहिला तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, त्यात माझी चूक आहे. उदाहरण क्रमांक सतरा मी लिहिलं. त्यातला हा दोष तीन वर्षांपूर्वी एकानं मला दाखवला होता, दुरुस्तीही दिली होती. प्रोग्राम लहान राहावा म्हणून मी ती नाकारली. एक वयस्क गृहस्थ यामुळे दवाखान्यात आहेत. खाली पूर्ण नाव.

"फोन नंबर घाला," मी म्हटलं.

"लोक फोन करून शिव्या देतील."

"देऊ देत. ज्याला मदत हवी असेल त्यानं कुठे जायचं?"

त्यांनी नंबर घातला आणि इंटरनेटवर जिथे जिथे त्या सिस्टिमची माणसं भेटतात तिथे सगळीकडे ते पाठवून दिलं. त्या जुन्या माणसाच्या सहा ओळी जशाच्या तशा, त्याच्या नावासकट, सतरामध्ये घातल्या. उदाहरण स्क्रीनच्या खाली गेलं. हे एकदा खाली सरकवून बघून आले आणि म्हणाले, "असू दे."

शिव्या आल्याच. नऊ वर्षं झोपा काढत होतास का, असं एकानं लिहिलं. काहींनी पाठ थोपटली. प्रमुखाला आवडलं नाही. फोल्डर तुमच्याकडे 'तूर्त' राहील, असं त्यानं कळवलं, आणि त्या तूर्तचं काय ते आजतागायत कळलेलं नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. वायर काढली, आकडा तसाच. एक रक्त तपासणारी लॅब. एक मत्स्यबीज केंद्र. एका शाळेचं स्वयंपाकघर. एक गुरांचा दवाखाना, तिथे लशींच्या फ्रीजवर सव्वा महिना एकच आकडा होता. पहिल्या आठवड्यात चौदा. हे प्रत्येकाला काय करायचं ते लिहून कळवत होते, रात्रीचं जेवण विसरत होते आणि मी ताट मागच्या खोलीत नेऊन ठेवत होते. निरीक्षक येऊन गेले. मला लेखी ताकीद मिळाली, परवाना राहिला. मास्तर घरी आले. जिवात जीव आला.

नवव्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि हे फ्रीजला नवा डबा बसवत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हातात स्क्रू होते म्हणून मीच उचलला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला.

मुलीचा आवाज होता, पंचविशी-तिशीतली असेल. "सर, मी त्या कंपनीत होते. कंपनी बंद होऊन वर्ष झालं. तो डबा मी केलाय. तुमचं लिहिलेलं मला काल कुणीतरी पाठवलं."

नऊ दिवस जगाच्या शिव्या मुकाट्यानं ऐकणारा माझा नवरा तिच्यावर असा उसळला, की मीच दचकले. "तुम्ही होय! अहो, वर ठळक लिहिलंय, खऱ्या वापरासाठी नाही म्हणून! वाचता येत नाही? शीर्षकसुद्धा काढलं नाहीत! माणसाच्या औषधाच्या फ्रीजला लावायची वस्तू ती, आणि सेन्सरनं उत्तर दिलं नाही तर काय होईल, एवढं साधं सुचू नये?"

मग ती म्हणाली, "सुचलं होतं, सर."

"मग?"

"मी लिहिलंही होतं. सात-आठ ओळी होत्या. डबे विकायला जायच्या आधी मी तुमचं सतरा पुन्हा उघडलं आणि माझ्याशी ताडून पाहिलं. तुमच्यात तसं काहीच नव्हतं. मी सगळं तुमचीच उदाहरणं बघून शिकलेय, पहिल्या दिव्यापासून. मला वाटलं, सरांनी घातलं नाही म्हणजे त्याची गरज नसणार. मलाच काहीतरी कळलेलं नाही. म्हणून मी ते काढून टाकलं."

ह्यांनी हातातले स्क्रू काउंटरवर ठेवले. गिऱ्हाइकांसाठी असलेल्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांना कळला असेल असं वाटत नाही.

"तुमचं बरोबर होतं," ते फोनकडे वाकून म्हणाले.

"नाही हो, सर, मीच—"

"ऐका. तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं."

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "नक्की ना, सर?"